जुना सूर, नवे पितळ

आपल्या विद्यालयाच्या बँडपथकात सर्वांत मागच्या रांगेत चालणारे एक वाद्य आहे. रुंद कर्ण्याचे, आकाशाकडे तोंड केलेले आणि मुलांनी प्रेमाने 'हत्ती' असे नाव ठेवलेले. त्याचे खरे नाव टुबा. लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या आपल्या पहिल्या बँडमास्तरांनी ते जुन्या बाजारातून आणले आणि स्वतःच्या हातांनी घासूनपुसून वाजते केले. १४ एप्रिलची मिरवणूक असो वा २६ जानेवारीचे संचलन, या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांनी त्याच्या खर्ज सुरावर पावले टाकली आहेत. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्याचा दुसरा वाल्व्ह अडकू लागला आहे, कर्ण्याच्या कडेला चीर गेली आहे आणि वाजविणाऱ्या मुलाचा अर्धा दम सूर सावरण्यातच खर्च होतो.

माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन नव्या वाद्यासाठी निधी गोळा केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यानंतरच्या सभेत तीन मते पुढे आली. काहींचे म्हणणे असे की, जुने वाद्यच काहीही करून दुरुस्त करावे, कारण 'असली ते असलीच'. दुसऱ्यांचे मत असे की, विलायती नावाचे वाद्य घेता येईपर्यंत थांबावे, कारण देशी बनावट म्हणजे नक्कल. तिसऱ्यांना वाटते, जुने मोडीत घालावे आणि मिळेल ते नवे आणावे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात एक जुना प्रश्न दिसला. एखाद्या वस्तूचे मोल तिच्या वयावरून आणि जन्मस्थानावरून ठरवावे, की ती आज काय काम करते यावरून? निर्णय अजून व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी टुबाच्याच इतिहासातील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

टुबा हे तसे तरुण वाद्य आहे. आपल्याकडे लोक त्याला पुरातन समजतात, पण १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात त्याचे पेटंट घेतले गेले. लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्त आणि बर्लिनचे वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरित्झ हे त्याचे जनक. त्यापूर्वी खर्जासाठी सर्पाकृती 'सर्पेंट' आणि किल्ल्यांचा 'ओफिक्लाइड' ही वाद्ये वापरात होती. उघड्या मैदानावर शेकडो सैनिकांना ऐकू जाईल असा भरदार खर्ज देणे ही वीप्रेख्त यांची गरज होती. म्हणजे टुबाचा जन्मच मुळी जुन्या वाद्यांविषयीच्या असमाधानातून झाला. आज ज्याला आपण परंपरा म्हणून जपतो, ते त्या काळचे धाडसी नवे होते, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

आता जगातील सर्वांत प्रसिद्ध 'जुन्या' टुबाकडे वळू. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. तेथे 'यॉर्क' या नावाचा बँडवाद्यांचा कारखाना होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस या कारखान्याने सी स्वराचे दोन अतिभव्य टुबा घडविले. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना चर्चमधील ऑर्गनसारखा अथांग खर्ज हवा होता आणि त्यासाठी त्यांचे टुबावादक फिलिप दोनातेल्ली यांच्याकरिता हे वाद्य बनले, असे सांगितले जाते. पण वाद्य तयार झाले तेव्हा अंगाने स्थूल असलेल्या दोनातेल्लींना ते धरणे अवघड जाऊ लागले. त्यांनी ते आपल्या एका शिष्याला १७५ डॉलरांना विकले. शिष्याजवळ तेवढी रक्कम नव्हती, म्हणून ती हप्त्याहप्त्याने फेडण्याचे ठरले.

तो शिष्य म्हणजे आर्नल्ड जेकब्ज. पंधराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत दाखल झालेला हा मुलगा पुढे १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचा टुबावादक होता. शिकागोच्या पितळी वाद्यवृंदाला जगभर जी कीर्ती मिळाली, तिच्या तळाशी हा यॉर्कचा खर्ज होता. त्या जोडीतील दुसरा टुबाही पुढे शिकागोलाच आला. आज ही दोन्ही वाद्ये त्या ऑर्केस्ट्राच्या संग्रही आहेत, आणि तेथे ती कपाटात बंद नसून वाजविली जातात.

या टुबाचे वैशिष्ट्य काय? टुबावादक त्याच्या आकाराला 'सहा-चतुर्थांश' म्हणतात, म्हणजे नेहमीच्या पूर्ण मापापेक्षा दीडपट वर्गातला. कर्ण्याचा व्यास सुमारे २० इंच, वाल्व्हमधून जाणाऱ्या नळीचा आतला व्यास सुमारे १९ मिलिमीटर, समोर चार दट्ट्याचे वाल्व्ह आणि पाचवा फिरकीचा. सी स्वराच्या टुबातील मूळ नळी सरळ केली तर सुमारे १६ फूट भरते. पण मोठे वाद्य बनविणे कठीण नसते. मोठ्या वाद्याचा आवाज बहुधा पसरट होतो, शब्द तोंडातल्या तोंडात बोलावेत तसा. यॉर्कचे कौतुक यासाठी की, त्याचा आवाज भव्य असूनही स्पष्ट राहतो आणि सूरही बऱ्यापैकी जागेवर असतात. नळी अरुंद टोकापासून कर्ण्यापर्यंत कोणत्या गतीने रुंदावत जाते, यात त्याचे पुष्कळसे रहस्य आहे.

यॉर्क कारखान्याचे तसले काम पुढे थांबले. वाद्ये दोन आणि ती हवी असणारे वादक शेकडो, अशी स्थिती झाली. मग सुरू झाला नक्कलेचा इतिहास. स्वित्झर्लंडमधील सुमिस्वाल्ड या गावच्या हिर्सब्रुनर घराण्याने शिकागोच्या यॉर्कवरून आपला 'एचबी-५०' हा टुबा उभा केला. जर्मनीत वॉल्टर निर्शल यांनी त्याच धर्तीचे टुबा घडविले. जपानच्या यामाहा कंपनीने शिकागोची वाद्ये समोर ठेवून 'वायसीबी-८२६' हे प्रारूप तयार केले. वादक त्याला थट्टेने आणि आदरानेही 'यामायॉर्क' म्हणतात. जर्मनीच्या माइनल-वेस्टन या नावाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे टुबावादक ॲलन बेअर यांच्या सहभागातून '६४५०' हे प्रारूप आले. आणि अलीकडे चीनमध्ये घडविलेले ईस्टमन व वेसेक्स या नावांचे यॉर्क धर्तीचे टुबा बाजारात आहेत. वेसेक्सने तर आपल्या वाद्याच्या नावातच 'शिकागो' घेतले आहे.

या सर्वांची तुलना करताना 'यांपैकी हुबेहूब यॉर्क कोणता?' असा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी उभा आहे. या वाद्यांमागे तीन निरनिराळे हेतू आहेत आणि प्रत्येकाला त्याच्या हेतूनेच मोजले पाहिजे. पहिला हेतू प्रतिकृतीचा आहे. मूळ वाद्याची मापे घ्यावीत, वक्रता उतरवावी आणि शक्य तितके त्याच्या जवळ जावे. हिर्सब्रुनर आणि यामाहा यांची वाटचाल मुख्यतः या दिशेची. दुसरा हेतू सुधारणेचा आहे. मूळचा आवाज ध्यानात ठेवावा, पण आजच्या ऑर्केस्ट्राच्या खुर्चीत बसलेल्या वादकाला जे खटकते ते बदलावे. एका विशिष्ट वादकाचे कान आणि बोटे जिथे रचनेत सहभागी होतात, तिथे हा हेतू प्रबळ असतो. तिसरा हेतू आहे प्रसाराचा. युरोप-जपानच्या अशा मोठ्या टुबाची किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असते, आणि चिनी बनावटीचे तत्सम वाद्य साधारणतः त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. या तिसऱ्या गटाकडे नाक मुरडून पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो गट इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण असे की, जेकब्ज यांना ते वाद्य मिळाले ते योगायोगाने. गुरूच्या देहयष्टीला ते मानवले नाही, गुरूने हप्ते मान्य केले आणि एका होतकरू मुलाच्या हाती ते पडले. यांतील एक जरी दुवा निखळला असता, तरी तो खर्ज तसा ऐकू आला नसता. ज्या गुणाचा लाभ केवळ योगायोगाने एखाद्यालाच होतो, त्या गुणाची नक्कल करून तो अनेकांच्या हाती देणे याला मी हीन काम मानणार नाही. हे शिक्षणाचेच काम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर नक्कलेची निंदा करताच येणार नाही. ग्रीक शिल्पकार मायरनचा कांस्यातील थाळीफेक्या नष्ट झाला. आज आपण तो ओळखतो तो रोमन कारागिरांनी केलेल्या संगमरवरी नकलांमुळे. भारतात लुप्त झालेले कित्येक बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी अनुवादांमुळे जगाला पुन्हा उपलब्ध झाले. मूळ प्रत नाहीशी होते, नकलाकार तिला वाचवितो.

याचा अर्थ प्रत्येक नक्कल चांगली असा मात्र नव्हे. नक्कल दोन प्रकारची असते. एक पूजा करणारी आणि दुसरी प्रश्न विचारणारी. पूजा करणारी नक्कल मूळ वस्तूचे दोषही श्रद्धेने उतरविते. हे टुबाच्या उदाहरणावरून समजावून सांगतो, कारण यात आपल्या 'हत्ती'चाही प्रश्न गुंतलेला आहे.

टुबाचा वाल्व्ह दाबला की हवेच्या मार्गात नळीचा एक जादा तुकडा जोडला जातो आणि सूर खाली येतो. मूळ नळीची लांबी १०० भाग धरू. अर्धा स्वर उतरण्यासाठी सुमारे ६ भाग नळी जोडावी लागते. हे काम दुसऱ्या वाल्व्हचे. पूर्ण स्वर उतरण्यासाठी सुमारे १२ भाग. ते काम पहिल्याचे. दीड स्वरासाठी सुमारे १९ भाग, ते तिसऱ्याचे. आता तिन्ही वाल्व्ह एकदम दाबले तर तीन स्वर उतरायला हवेत. त्यासाठी सुमारे ४१ भाग नळी लागते. पण ६, १२ आणि १९ मिळून होतात ३७. म्हणजे सुमारे ४ भाग नळी कमी पडते आणि सूर चढा लागतो. हा कुणा कारागिराचा दोष नव्हे, हे गणित आहे. म्हणूनच चौथा आणि पाचवा वाल्व्ह आला. इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी १८७० च्या दशकात ही तूट आपोआप भरून काढणारी नळ्यांची योजना शोधली. चांगले वादक वाजवता वाजवता हाताने स्लाइड ओढून सूर सावरतात, तेही याचसाठी.

आपला 'हत्ती' तीन वाल्व्हचा आहे. त्याचे खालचे काही सूर चढे लागतात, आणि मुलांना वर्षानुवर्षे आपण ओठांनी ते ओढून खाली आणायला सांगत आलो. उद्या एखाद्या कारागिराला 'अगदी असाच बनवून दे' असे सांगितले, तर तो हीच उणीव नव्या पितळेत ओतून देईल, आणि आपण तिला वारसा म्हणत राहू. याउलट, 'याचा खर्ज असाच ठेव, पण चौथा वाल्व्ह घाल' असे सांगणे म्हणजे जुन्याचा अपमान नव्हे. जुन्याने जे साधण्याची धडपड केली, ते पूर्णत्वास नेणे आहे. केवळ परंपरेने आले आहे म्हणून, किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण मुलांना शिकवितो. तो बँडच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबू नये.

यॉर्कचे गुणगान ऐकून आणखी एक गैरसमज होतो. मोठा टुबा म्हणजेच उत्तम टुबा, असे वाटू लागते. हेही तपासून घ्यावे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३० मध्ये 'सिम्फनी फँटास्टिक' लिहिली तेव्हा टुबा जन्मलाच नव्हता. त्यांच्यासमोर होता ओफिक्लाइड. मुसोर्गस्की यांच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या रचनेचे राव्हेल यांनी १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केले, तेव्हा बैलगाडीच्या प्रसंगातील उंच सूर त्यांनी फ्रान्समधील लहान टुबा मनात धरून लिहिले. ते यॉर्कसारख्या अजस्र वाद्यावर वाजविणे म्हणजे कावडीने सुईत दोरा ओवण्यासारखे. अनेक वादक तेवढ्यापुरते लहान वाद्य हाती घेतात. जुने असूनही जे एका कामाला श्रेष्ठ, तेच दुसऱ्या कामाला गैरसोयीचे असू शकते. श्रेष्ठत्व वस्तूला चिकटलेले नसते, ते कामाच्या संदर्भात सिद्ध व्हावे लागते. रस्त्यावरून दोन तास चालणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर सहा-चतुर्थांशाचा टुबा देणे ही त्या मुलाची शिक्षाच ठरेल.

आणि शेवटी वादकाचा वाटा. नळीची लांबी मोजता येते, पितळेची जाडी मोजता येते, वक्रतेचा आलेख काढता येतो. पण जेकब्ज यांची शिकवण वेगळ्याच जागी बोट ठेवते. सूर आधी मनात स्पष्ट ऐकू आला पाहिजे, मग श्वास त्याच्या मागे जातो, असे ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. पुढे दम्यामुळे त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांची क्षमता घटली होती, तरी जगातील सर्वांत मोठ्या टुबांपैकी एक ते वाजवीत होते. यॉर्कच्या कीर्तीत यॉर्कचा वाटा किती आणि जेकब्ज यांचा किती, याची फोड करणे अवघड आहे. म्हणून एखादा नवा टुबा यॉर्कसारखा वाजत नाही असे कुणी म्हटले, की मला विचारावेसे वाटते, तो यॉर्कसारखा वाजत नाही, की जेकब्जसारखा?

'हुबेहूब' या शब्दाचा मोह बाजूला ठेवून तुलना करायची असेल, तर तिची एक प्रामाणिक रीत आहे. अमेरिकेतील ऑर्केस्ट्रांनी १९७० नंतरच्या काळात वादकांची निवड पडद्याआडून करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. वाजविणारा स्त्री की पुरुष, गोरा की काळा, कोणाचा शिष्य, हे परीक्षकांना दिसत नाही. केवळ सूर ऐकू येतो. माणसांच्या बाबतीत जी रीत न्यायाची, ती वाद्यांच्या बाबतीतही लावावी. पडद्याआड एकच मुलगा तीन टुबा आळीपाळीने वाजवील. समोर बसलेल्यांना कर्ण्यावरचे नाव दिसणार नाही, वाद्याचे वय कळणार नाही, किंमत कळणार नाही. सूर जागेवर आहे का, हळू वाजविला तरी स्पष्ट आहे का, मागच्या ओळीपर्यंत पोहोचतो का, एवढेच त्यांनी कागदावर लिहावे. आणि वाजविणाऱ्या मुलाने त्याचे स्वतंत्र मत लिहावे, कारण वजन त्याच्या खांद्यावर असते.

त्यामुळे आपल्या समितीपुढे मी पुढील मत मांडतो. मेरठमधील जाळी कोठी हा भाग बँडवाद्यांच्या कारागिरीसाठी देशभर ओळखला जातो. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या विलायती वाद्यांवरून वाद्ये घडवीत आले आहेत, आणि भारतातील लग्नाच्या वरातींना व मिरवणुकांना त्यांनी आवाज दिला आहे. त्यांच्या कामाला 'नक्कल' म्हणून न ऐकताच बाद करणे अन्यायाचे होईल, आणि देशी म्हणून न तपासता स्वीकारणेही भाबडेपणाचे होईल. आपल्या बँडमास्तरांनी दोन मुलांना बरोबर घेऊन जावे, चार वाल्व्हचा, मुलांना पेलेल अशा मापाचा टुबा वाजवून पाहावा आणि सूर तपासून मगच पैसे द्यावेत. निवडीचा अधिकार नावाला नसावा, कानाला असावा.

आणि 'हत्ती'? त्याला मोडीत घालू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. पण त्याला काचेच्या कपाटातही बसवू नये. शिकागोचे ते दोन टुबा आजही श्वास घेतात म्हणूनच त्यांची मापे घेण्याला अर्थ उरला. आपल्या हत्तीची चीर बुजवावी, वाल्व्ह घासून घ्यावा, आणि नवशिक्या मुलांना पहिला श्वास, पहिला खर्ज त्याच्यावरच शिकवावा. त्याच्या नळ्यांची लांबी आणि व्यास आठवी-नववीच्या मुलांनी फूटपट्टी आणि दोरा घेऊन मोजावेत, वर दिलेले ६, १२ आणि १९ चे गणित स्वतः पडताळावे, आणि त्याची नोंद विद्यालयाच्या दप्तरी ठेवावी. गणित, विज्ञान आणि इतिहास या तिन्ही विषयांचा इतका चांगला पाठ मला दुसरा सुचत नाही.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी निधी दिला, त्यांच्यापैकी अनेकांच्या आठवणी त्या जुन्या वाद्याला बिलगलेल्या आहेत, हे मी जाणतो. माझ्याही आहेत. परंतु ज्या बँडमास्तरांनी ते आणले, त्यांनी कर्ण्यावरचे नाव पाहून आणले नव्हते. बाजारात तोंडाला लावून वाजवून पाहिले आणि मग आणले, असे ते आम्हांला सांगत. त्यांचा वारसा पितळेत शोधू नये. वाजवून पाहणे हाच त्यांचा वारसा आहे.